परत ये

"नाव कुणी काढलं, तेवढं सांगा."

मुकुंद हातवळणे ओसरीच्या पायरीवर उभा होता. बूट काढायचंही त्याला सुचलं नव्हतं.

वामनबुवा चवळीच्या शेंगा सोलत होते. त्यांनी हातातली शेंग सोलली, दाणे परातीत टाकले.

"कुणाचं नाव?"

"माझ्या आजोबांचं. रघुनाथ हातवळणे. अकराशे चाळीस नावांत एवढं एकच नाही."

"बाकीची अकराशे एकोणचाळीस तपासलीस?"

मुकुंद जरा अडखळला.

"सात तपासली. गादीवर बसलेल्यांची. सातही आहेत."

"...बरं."

बुवांनी दुसरी शेंग घेतली. मी पलीकडे बसून पंगतीच्या पत्रावळी पुसत होतो. दुसऱ्या दिवशी मूळ स्वामींची पुण्यतिथी होती.

आमचा मठ दुधना नदीच्या काठी आहे, लहानसा. कुणी कुणाकडून अनुग्रह घेतला याची एक जुनी वही मठात आहे. मूळ स्वामींचे पाच शिष्य, त्या पाचांचे त्यांचे त्यांचे, अशा सात पिढ्या. कागदावर मांडलं तर झाडच होतं, फक्त मूळ वर आणि फांद्या खाली. पुण्यतिथीला लांबलांबची माणसं येतात आणि विचारतात, आमच्या पणज्याचं नाव आहे का हो? मग दगडूमामा वही काढायचे आणि पानं उलटायचे. वही मोडीत आहे, आणि मोडी वाचणारं मठात दुसरं कुणी नाही.

दगडूमामा म्हणजे मठाचा स्वयंपाक आणि दिवाबत्ती. एकोणिसाव्या वर्षी आले, त्याला चव्वेचाळीस वर्षं झाली. जो मठात कायमचा राहतो त्याला दीक्षेचं नवं नाव मिळतं आणि वहीत तेच लागतं. ते त्याने स्वतःच्या तोंडाने कुणाला सांगायचं नाही, असा नेम आहे. मामांचं आम्ही कधी विचारलं नाही. आमच्यासाठी ते मामाच.

यंदा ही सगळी वही कॉम्प्युटरवर चढली. मामांनी एका बोटाने चार महिने टाइप केली, आणि ती फाईल पेनड्राइव्हवर पुण्याला मुकुंदकडे गेली. मुकुंद तिथे मोठ्या कंपनीत आहे. त्याने सी भाषेत प्रोग्राम लिहिला: नाव टाका, झाडात ते कुठे आहे ते बघा, वर गुरू, खाली शिष्य. आज सकाळीच तो घेऊन आला होता.

सी त्याला शिकवली होती वामनबुवांनीच. गादीवर येण्याआधी बुवा सव्वीस वर्षं सरकारी तंत्रनिकेतनात मास्तर होते. मुकुंद एरवी त्यांना बुवा म्हणतो. रागावला की सर म्हणतो.

"सर, तुम्ही बघा तरी."

त्याने ओसरीवरचा कॉम्प्युटर चालू केला. मूळ स्वामींचं नाव टाकलं. सापडलं. दुसऱ्या गादीचं टाकलं. सापडलं. मग बुवांचं स्वतःचं टाकलं, सातव्या गादीचं. तेही सापडलं.

मग आजोबांचं टाकलं.

सापडत नाही.

"उद्या आई येणार आहे," मुकुंद म्हणाला. "तिला काय दाखवू? तुझ्या सासऱ्यांना मठाने पुसून टाकलं म्हणून?"

"फाईल उघडून बघितलीस?"

"कशाला? माझा प्रोग्राम फाईलच वाचतो."

फाईल उघडून डोळ्यांनी बघितली असती तर दोन मिनिटांचं काम होतं. पण हुशार माणसाचं घोडं इथेच पेंड खातं. स्वतःच्या हत्याराला विचारून झालं की त्याला दुसऱ्या कुणाला विचारावंसं वाटत नाही.

"टाइप कुणी केलं, सर? मामांनी. वही कुणाला वाचता येते? मामांना. मी पडताळणार कशाशी?"

"म्हणजे दगडूने खोडलं?"

"मी तसं म्हटलं नाही."

"...म्हण ना. ऐकू दे."

मुकुंदने आवाज खाली आणला. खाली आणलेला आवाज आमच्या मठात जास्त लांब जातो.

"लहानपणी मी दर सुट्टीत इथे यायचो. आजोबा इथे बसायचे, या खांबाशी. मामा त्यांना ताट वाढायचे. बारा वर्षांत एक शब्द बोललेले मी बघितले नाहीत. ताट ठेवायचे आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. आजोबा उठेपर्यंत. माणूस असं कुणाशी वागतो, सर?"

बुवा शेंगा सोलत राहिले.

खरं सांगतो, माझ्याही मनात पाल चुकचुकली. गेल्या महिन्यात मामा वही उशाशी घेऊन झोपत होते, ते मला तेव्हाच आठवलं. विचारलं तर म्हणाले होते, उंदीर लागलेत. त्या दिवशी मला ते पटलं होतं. आता पटेना. संशय आला की मागच्या साध्या गोष्टीही वाकड्या दिसायला लागतात.

"दगडू," बुवांनी हाक मारली.

मामा स्वयंपाकघरातून आले. हाताला पीठ होतं.

"रघुनाथरावांचं नाव टाकलंस का रे?"

"टाकलंय की."

"मग दिसत का नाही?" मुकुंद म्हणाला.

"ते मला काय ठावं, दादा. म्या टाकलंय."

"कुणाच्या खाली?"

"वहीत जितं हाय तितंच."

"वही मला वाचता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे."

मामा हातावरचं पीठ चोळत राहिले. चोराच्या मनात चांदणं, असं मी मनात म्हणालो. त्याची मला अजून लाज वाटते.

"मामा, तुम्ही माझ्या आजोबांशी कधी बोलत नव्हता. खरं की खोटं?"

"...खरं."

"का?"

मामांनी बुवांकडे बघितलं. मग भिंतीकडे बघितलं.

"न्हाई बोललो. कंदीच न्हाई बोललो."

एवढंच. मामांनी पंच्याला हात पुसले, स्वयंपाकघरातला जाळ बारीक केला आणि आवार ओलांडून आपल्या खोलीत गेले.

आवाराच्या कडेने ओळीने सहा खोल्या आहेत. पहिली स्वयंपाकघराची, शेवटची मामांची. ओसरीवरून सगळ्या दिसतात. मामांनी दार लावलं नाही. जमिनीवर एक धोतर अंथरलं आणि त्यावर एकेक वस्तू ठेवायला लागले. तांब्या. सदरा. जपाची माळ.

सेलूला त्यांची भाची असते. सेलूची एसटी पावणेचारला फाट्यावर येते. तेव्हा तीन वाजून गेले होते.

"बुवा, मामा निघाले," मी म्हणालो.

"दिसतंय."

"थांबवा ना त्यांना!"

"नाव सापडलं का?"

"नाही, पण..."

"मग काय सांगून थांबवू? आमचा तुझ्यावर विश्वास नाही, पण उद्याच्या पंगतीचं बघ, असं?"

मला बुवांचा राग आला. गादीवरचा माणूस, एका शब्दाने सगळं मिटवता आलं असतं, आणि हे चवळी सोलत बसले होते.

मुकुंद खाली बघत होता. मामा असे सामान बांधतील, हे त्याच्या हिशेबात नसावं. पण त्याला मागेही हटवत नव्हतं.

"चोरी नसती केली तर भांडले असते," तो पुटपुटला.

बुवांनी परात बाजूला सारली.

"तुझा शोध कागदावर लिही. आपल्या भाषेत. जसा प्रोग्राममध्ये आहे तसाच, ओळीला ओळ."

"सर, त्यात काही नाही. दहा ओळींचा आहे."

"मग लवकर होईल."

मुकुंदने एका पत्रावळीखालचा कागद ओढला आणि लिहिलं. बुवांनी मला मोठ्याने वाचायला सांगितलं.

"समोर आहे तोच का, ते बघ. असेल तर सांग. नसेल तर त्याच्या पहिल्या शिष्याकडे जा. त्याला विचार. तो देईल ते उत्तर घेऊन परत ये. मग पुढच्या शिष्याकडे जा. शिष्य संपले तर नाही म्हण."

मला तर सगळं बरोबर वाटलं. मुकुंदनेही खांदे उडवले.

"आता पायाने चालव," बुवा म्हणाले.

मुकुंदचं तोंड एवढंसं झालं. बुवांची ही जुनी खोड. तंत्रनिकेतनात चाळीस पोरांत एक कॉम्प्युटर होता, तोही निम्मा वेळ बंद. मग हे पोरांना स्वतःचे प्रोग्राम बाकांमधून चालायला लावायचे. जे लिहिलंय तेवढंच करायचं, एक पाऊल जास्त नाही. पोरं हसायची. मुकुंद सगळ्यात जास्त हसायचा, असं बुवाच एकदा म्हणाले होते.

"सर, ही वेळ आहे का..."

"सहा खोल्या म्हणजे सहा शिष्य. दगडूला शोधून आण."

मुकुंदने आवारापलीकडे बोट केलं.

"ते काय, समोर दिसतायत."

"तुझ्या प्रोग्रामला डोळे आहेत?"

"...नाहीत."

"मग कागदात बघून चाल."

आता कुठे त्याने बूट काढले. कागद हातात धरून तो आवारात उतरला. पहिल्या खोलीपाशी गेला, स्वयंपाकघरात डोकावला.

"इथे नाहीत."

"कागदावर पुढे काय आहे?"

"उत्तर घेऊन परत ये."

"मग ये."

मुकुंद परत आला. ओसरीसमोर उन्हात उभा राहिला.

"काय आणलंस?"

"नाही."

"दगडू मठात नाही?"

मुकुंदने कागद खाली केला. त्याच्या पाठीमागे, सहाव्या खोलीच्या उघड्या दारात, मामा धोतराची गाठ मारत होते.

"परत का आलास?" बुवांनी विचारलं.

"तसं लिहिलंय."

"कुणी?"

"मी."

तो कागदाकडे बघत राहिला. मग त्याचं बोट एका ओळीवर थांबलं. मग पुढच्या शिष्याकडे जा.

"ही ओळ कधी येतच नाही," तो हळू म्हणाला. "पहिल्यानेच नाही म्हटलं की मी तेच घेऊन परत येतो... प्रत्येक पिढीत."

"आणि गादीवरचे सात कसे सापडले?"

याचं उत्तर मला येत होतं. प्रत्येक गुरूच्या खाली त्याच्या गादीचा वारस पहिला लिहायचा, ही वहीची रीतच आहे. मुकुंदचा प्रोग्राम पहिल्यावरून पहिल्यावर सरळ खाली उतरत होता. बाजूला वळतच नव्हता.

"अकराशे तेहतीस जणांना मी विचारलंच नाही," मुकुंद म्हणाला.

बुवांनी परात परत पुढ्यात ओढली.

मुकुंदने ओसरीवर चढून एक ओळ दुरुस्त केली. उत्तर होय असेल तरच परत ये, एवढीच. त्याची बोटं दोनदा चुकली. मी त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो, कारण आता मलाही बघायचं होतं, आणि खरं तर बघायची भीती वाटत होती.

रघुनाथ हातवळणे.

सापडलं.

वर त्यांचे गुरू होते, त्यांच्यावर त्यांचे, थेट मूळ स्वामींपर्यंत. तिसऱ्या शिष्याची फांदी, तिच्यातला चौथा. मामांनी एका बोटाने टाइप केलेलं, काना-मात्रेसकट अचूक.

खाली लिहिलं होतं: शिष्य एक. अच्युतदास.

"आजोबांनी अनुग्रह दिला होता? कुणाला?" मुकुंद म्हणाला. "अच्युतदास कोण?"

मला माहीत नव्हतं. बुवांना माहीत होतं.

"रघुनाथराव संसारी माणूस. पण त्यांना अधिकार होता. तो त्यांनी आयुष्यात एकदाच वापरला."

"कुणासाठी?"

बुवा आवारापलीकडे बघत होते. मामा गाठोडं खांद्यावर टाकून देवघराच्या दारात वाकले होते.

अच्युतदास म्हणजे कोण, ते मला तेव्हा कळलं.

आमच्या मठात शिष्य गुरूसमोर आपण होऊन बोलत नाही. गुरूने विचारलं तरच. गुरू जेवत असेल तर तोंड दुसरीकडे करून उभं राहायचं, गुरू उठेपर्यंत. हा नेम आता फारसा कुणी पाळत नाही, पण मला तो ठाऊक होता. लहानपणी ऐकला होता. मुकुंद खांबाशी उभा राहून ते सगळं सांगत होता तेव्हा मी पत्रावळी पुसत होतो, आणि मला एकदाही आठवला नाही.

दीक्षेचं नाव मामा सांगू शकत नव्हते. गुरूशी का बोललो नाही, हेही त्याशिवाय सांगता येत नव्हतं. त्यांनी रघुनाथरावांचं नाव खोडलं असतं, तर खालचं त्यांचं स्वतःचं नाव कशाला धरून राहिलं असतं?

"बुवा," मुकुंद म्हणाला. "तुम्हाला सुरुवातीपासून माहीत होतं."

"होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"मी सांगितलं असतं, तर तू मला मानलं असतंस. दगडूला मानलं असतंस का?"

मामा मठाच्या दरवाजातून बाहेर पडले. फाट्याची वाट नदीच्या अंगाने जाते. चिंचेपर्यंत माणूस ओसरीवरून दिसतो.

मुकुंद अनवाणीच धावला.

आम्ही बघत होतो. चिंचेखाली त्याने मामांना गाठलं. काहीतरी बोलला. मामा थांबले. मुकुंद वाकला, मामा दोन पावलं मागे सरले. तो पुन्हा बोलला, हात जोडून. मामांनी मान हलवली. आडवी. गाठोडं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि चालायला लागले.

मुकुंद तिथेच उभा राहिला, मग वळला. येताना धावत नव्हता. पाय धुळीने भरले होते, डोळे लाल झाले होते. ओसरीसमोर, मघाच्याच जागी, तो येऊन उभा राहिला.

लांबून एसटीचा हॉर्न ऐकू आला. अजून पुलापलीकडे असावी.

"माफी मागितली," तो म्हणाला. "ते नाही म्हणाले."

बुवांनी हातातली शेंग खाली ठेवली.

"...मग परत का आलास?"